टी-२० बघू की कसोटी?

भाची विचारते, "मामा, सांगलीहून एकदाच जाणं जमेल. महिला क्रिकेटची टी-२० बघू की कसोटी?"

डिसेंबर २०२३ चा इंग्लंडचा भारत दौरा घे नमुन्याला. टी-२० वानखेडेवर, संध्याकाळी. संपेपर्यंत आपली रात्रीची गाडी गेलेली, म्हणजे मुक्कामाचा खर्च आलाच. कसोटी नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर. स्टेडियम हायवेलाच, पहाटे उतरायचं, दिवसभर बघून रात्री परत.

खेळाचं म्हणशील, तर टी-२० मालिका इंग्लंडने २-१ अशी नेली. कसोटीत मात्र पहिल्याच दिवशी भारत ७ बाद ४१०! दुसऱ्या दिवशी दीप्ती शर्माचे ७ धावांत ५ बळी. तिसऱ्या दिवशी ३४७ धावांनी विजय, त्यामुळे चौथ्या दिवसावर विसंबलेल्यांची फेरी फुकट.

आणि आपली स्मृती मानधना? टी-२० त ती लवकर बाद झाली की आपल्या सांगलीकरांची संध्याकाळच संपते. कसोटीत दुसरा डाव तरी असतो.

तीन तासांत निकाल आणि दंगा हवा असेल त्याने टी-२० ला जावं. तू स्वतः ऑफस्पिन टाकतेस, फील्ड कशी हलवतात ते बघायचंय. तू कसोटीलाच जा, दुसऱ्या दिवशी.