सायटोजेनेटिक्स लॅब, पुणे: आईच्या फिश तपासणीचा अनुभव

इचलकरंजीत आमचे आठ यंत्रमाग आहेत. फेब्रुवारीत आईच्या पांढऱ्या पेशी १ लाख ४० हजार निघाल्या, प्लीहाही वाढलेली. डॉक्टरांना सीएमएलचा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा संशय आला. त्यांनी कॅरिओटाइप (गुणसूत्रं मांडून बघायची तपासणी) आणि बीसीआर-एबीएल फिश (ठरावीक जनुकं रंगीत ठिपक्यांनी दाखवणारी तपासणी) लिहून दिली आणि नमुना या लॅबला गेला.

घोटाळा आमच्या गावातच झाला. रक्त घेणाऱ्या केंद्राने जांभळ्या टोपणाची नळी भरली. कॅरिओटाइपसाठी पेशी वाढवाव्या लागतात, त्याला हिरव्या टोपणाची हेपारिनची नळी लागते. आईला पुन्हा टोचावं लागलं, याचा मला अजून राग आहे. पण नमुना पोहोचला त्याच सकाळी लॅबने स्वतःहून फोन करून ही चूक कळवली. फिशचा रिपोर्ट पाचव्या दिवशी मिळाला, साडेपाच हजार लागले.

रिपोर्ट आणायला आईलाच घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला आत बोलावून पडद्यावर फोटो दाखवले. निळे गोल म्हणजे पेशींची केंद्रकं. नऊ नंबरच्या गुणसूत्रावरचं एबीएल जनुक लाल, बावीसवरचं बीसीआर जनुक हिरवं. निरोगी पेशीत दोन लाल आणि दोन हिरवे ठिपके सुटे दिसतात. आईच्या २०० पैकी १८४ पेशींत लाल-हिरवे एकमेकांवर बसून पिवळे झालेले.

आईने विचारलं, "गुणसूत्रं शेचाळीस हाईत न्हवं? मग ह्या दोघांचीच गाठ का पडली?"

बाई खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, आजी, गुणसूत्रं केंद्रकात कशीही पसरलेली नसतात, प्रत्येकाचा आपला भाग असतो. रक्त तयार करणाऱ्या निरोगी पेशींतही ही दोन ठिकाणं निव्वळ योगायोगाने असतील त्यापेक्षा जास्त वेळा जवळ सापडतात. दोन्हीकडे एकदम तुटलं की पेशी दुरुस्त करताना चुकीची टोकं जोडू शकते.

मला आमचा यंत्रमागच समोर दिसला. ताण्यातले, म्हणजे उभे, शेजारचे दोन धागे एकदम तुटले, की घाईत याचं टोक त्याला बांधलं जातं. दहा हात लांबच्या धाग्याशी कुणी चुकून गाठ मारत नाही.

बाईंनी थायरॉइडचंही सांगितलं. १९८६च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या स्फोटानंतर मुलांत थायरॉइडचे कॅन्सर वाढले. त्यांत पुष्कळदा रेट आणि एच४ ही जनुकं जोडलेली सापडली. ती दहाव्या गुणसूत्रावर एकमेकांपासून बरीच लांब आहेत. तरी २००० साली तपासलं तेव्हा निरोगी थायरॉइडच्या ३५ टक्के पेशींत त्यांची निदान एक जोडी शेजारी दिसली. स्तनाच्या पेशींत हे प्रमाण फारच कमी होतं. अवयव बदलला की शेजारही बदलतो. पण नुसत्या शेजाराने कॅन्सर होत नाही, हेही त्यांनी बजावलं. आईच्या जोडातून तयार होणारं प्रथिन पेशीला सतत वाढायला लावतं, आणि इमॅटिनिब हे औषध त्यालाच अडवतं.

"मग माझं काय चुकलं न्हाई. आन् पोरांनाबी जाणार न्हाई?"

"नाही आजी. हे तुमच्या रक्तातल्या एका पेशीत घडलं, जन्मानंतर."

दोन महिने आई रोज हेच विचारत होती. त्या रात्री ती नीट जेवली.

तक्रार एकच. छापील रिपोर्टवर यातलं काही नाही, नुसते इंग्रजी कोड आणि टक्के. सोबत मराठीत एक पान आणि तो ठिपक्यांचा फोटो द्यावा. आम्ही मागून घेतला, आईने तो फाइलीत सगळ्यात वर लावलाय.