वाड्याला हेरिटेजचं अनुदान मिळवून देतो म्हणणाऱ्यांबद्दल

कोल्हापुरात ज्यांचे जुने वाडे आहेत त्यांनी हे वाचावं आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावं. कारण हे लोक गाठतात ते त्यांनाच.

आमचा वाडा शुक्रवार पेठेत. खाली घडीव दगड, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सोप्याला सागवानी खांब. 2019 आणि 2021 च्या पुराचं पाणी भिंतींनी पिऊन घेतलं आणि मागची भिंत फुगली. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर सगळ्या भाऊबंदांची नावं, निम्मे पुण्यात. दुरुस्तीचा विषय दर गणपतीत निघतो आणि विसर्जनाबरोबर बुडतो. वर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस. अशा घराला 'सरकार पैसे देतंय' म्हणणारा माणूस किती जवळचा वाटतो ते सांगायला नको.

जुलै 2025 मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. त्यानंतर तो आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, कागदांवर तीन सिंहांची राजमुद्रा. म्हणाला, "आण्णा, पन्हाळ्याबरोबर शहरातले जुने वाडेपण घेतलेत. केंद्राचा निधी पडून आहे. मार्चच्या आत उचलला नाही तर परत जाणार." आण्णा म्हणजे आमचे थोरले चुलते.

नुसती थाप मारणारा असता तर आण्णांनी चहा पाजून वाटेला लावला असता. पण गड्याला काम माहीत होतं. खांबावर बोटांनी वाजवून वाळवी कुठवर गेलीय ते त्याने बरोबर सांगितलं. मागच्या भिंतीचा सिमेंटचा गिलावा बघून म्हणाला, "हा काढा. ओल आत कोंडते, म्हणून भिंत फुगलीय. मातीच्या भिंतीला चुनाच पाहिजे." हे शंभर टक्के खरं आहे, आणि तोवर आम्हाला एकाही कंत्राटदाराने सांगितलं नव्हतं. आण्णांचा विश्वास बसला तो तिथे. पुढचं सगळं खोटं या एका खऱ्यावर उभं राहिलं.

मग नोंदणी फी, ग्रेडिंग म्हणजे वारशाचा दर्जा ठरवायची फी, स्ट्रक्चरल ऑडिट. सगळं मिळून एक लाख चाळीस हजार, एका खाजगी माणसाच्या यूपीआयवर. टीडीआरचं, म्हणजे दुसऱ्याला विकता येणाऱ्या बांधकामाच्या हक्काचं, गाजरही होतंच: तुमचा टीडीआर पुण्याच्या बिल्डरला विकून देतो. सगळ्या वारसांच्या सहीचं मुखत्यारपत्रही त्याला हवं होतं. ते काकूंनी हाणून पाडलं. "अनुदानाला वाडा विकायचे अधिकार कशाला लागतात ओ?" एवढंच विचारलं त्यांनी. त्या दिवसापासून तो काकू घरात नसताना यायला लागला.

पैशाचं एक वेळ जाऊ दे. दारावरची गणेशपट्टी त्याने 'लाकडाच्या तपासणीसाठी लॅबला' म्हणून नेली. सोबत सुतार आणला होता. खुंट्या अलगद ठोकून काढल्या, पट्टी गोणपाटात गुंडाळली, छोट्या टेम्पोत घातली आणि छापील पावती दिली. सोप्यातले खांबांवरचे, तुळईला आधार देणारे नक्षीचे हस्त पुढच्या फेरीला नेणार होता. माझ्या मते फी हा वरचा खर्चपाणी होता, डोळा पहिल्यापासून लाकडावर होता.

मी महापालिकेच्या नगररचना विभागात गेलो. तिथल्या क्लार्कने शहराची वारसा यादी चाळली आणि मान वर केली. "तुमच्या वाड्याचं नाव यात नाही. आणि यादीत घालायला फी? कुणी घेतली?"

आता त्याने सांगितलेलं आणि खरं असलेलं शेजारी ठेवून बघा. जागतिक यादीत गेले ते मराठ्यांचे 12 किल्ले, 11 महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी. त्यातून पेठेतल्या खाजगी वाड्याला रुपया येत नाही. शहराची वारसा यादी शासनाच्या नियमाप्रमाणे होते, हरकती-सूचना मागवून. मालकाने फी भरून ग्रेड विकत घ्यायची नसते. उलट नाव यादीत आलं की पाडायला, बदल करायला वारसा समितीचा सल्ला आणि आयुक्तांची परवानगी लागते. म्हणजे अनुदान बाजूला, आधी बंधनच येतं. टीडीआरची तरतूद खरी आहे, पण वारशाच्या अटींमुळे बांधकामाचा हक्क बुडाला तरच, आणि विकास हक्क प्रमाणपत्र देतात आयुक्त. कोल्हापूर महापालिकेचा टीडीआर पुण्यात चालतच नाही. एवढं एक माहीत असतं तरी गडी पहिल्याच दिवशी उघडा पडला असता.

सल्ला हवाच असेल तर आधी नगररचना विभागात जाऊन यादी बघा. तोंडी उत्तर टाळलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आर्किटेक्ट म्हणवणाऱ्याकडून कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक मागा, तो ऑनलाइन तपासता येतो. आमच्याकडे आलेल्या त्या गड्याने दिलेल्या क्रमांकावर कुणीच नव्हतं. 1984 पासून वारशाचं काम करणारी इंटॅक ही संस्था आहे, तिच्या माणसांकडून जुन्या बांधकामाचे जाणकार कळतात. राजमुद्रा आणि ट्रूकॉलरवर दिसणारं 'हेरिटेज ऑफिसर' हे नाव, दोन्ही कुणालाही लावता येतं.

पैसे गेले असतील तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आम्ही केला तेव्हा खातं रिकामं झालं होतं. पोलिसांनी गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318, म्हणजे फसवणुकीच्या कलमाखाली घेतला. पट्टीबद्दल त्यांचा पहिला प्रश्न होता, फोटो आहे का? वाड्याचे फोटो आम्ही कधी काढलेच नव्हते. शेवटी चुलत बहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरानवरीच्या डोक्यावर ती अख्खी सापडली. तुमच्याकडच्या प्रत्येक कोरीव लाकडाचा फोटो शेजारी मोजपट्टी धरून आजच काढा. 100 वर्षांवरची कोरीव वस्तू कायद्याने पुरावस्तू धरली जाते आणि तिचा व्यापार करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. हे पोलिसांना आपणच सांगावं लागलं तर सांगा.

आमची पट्टी सागवानी, साधारण चार फूट लांब. मधोमध बसलेला गणपती, दोन्हीकडे कमळाची वेल, उजवीकडच्या शेवटच्या पाकळीचा टवका उडालेला, आणि मागच्या बाजूला जुन्या हिरव्या ऑइलपेंटचा पट्टा. जुन्या लाकडाच्या दुकानात, फार्महाऊसवर किंवा हॉटेलच्या दारावर कुणाला दिसली, तर विकणाऱ्याशी वाद घालू नका. फोटो काढा, दुकानाचा पत्ता लिहून घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.