दमास्कस सुरीच्या नावाखाली चुना लावला, घेणाऱ्यांनी वाचा

ट्रेक-कॅम्पिंगसाठी फिक्स्ड ब्लेड (न दुमडणारी सुरी) घ्यायचा विचार असेल आणि रीलमध्ये लाटालाटांची 'हँडमेड दमास्कस' सुरी दिसली तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. मी 6,500 ला घेतली. जाहिरातीत काय नव्हतं, 300 थर, 62 एचआरसी (पोलादाच्या कडकपणाचं माप), हिडन टँग (पात्याचा मुठीत लपलेला भाग) मुठीच्या शेवटपर्यंत, आणि वरून 'शिवकालीन वूट्झ पोलाद'. आता ज्यांना थोडंफार माहितीये ते इथेच हसतील, कारण वूट्झ म्हणजे मुशीत वितळवून केलेलं पोलाद, त्याची नक्षी पोलादातूनच उमटते, त्यात थर घडी घालून बसवायचा प्रश्नच येत नाही. 300 थर असतील तर ते वूट्झ नाही. पण महाराजांचं नाव लावलं की आपल्याकडे माल खपतो, हे त्या माणसाला बरोबर माहीत होतं.

मी विचारलं, स्टील कुठली दोन वापरलीत? कारण आजचं दमास्कस म्हणजे दोन वेगवेगळी स्टील भट्टीत एकत्र ठोकलेली, बहुतेक जण 1095 आणि 15एन20 घेतात, दुसऱ्यात निकेल असतं म्हणून ॲसिडमध्ये ते चमकतं आणि पहिलं काळं पडतं. उत्तर आलं, "सर हाय कार्बन आहे, टेन्शन नका घेऊ". पाणी कशात दिलं (म्हणजे तापवलेलं पातं एकदम थंड करून कडक कशात केलं), टेंपर (ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा हलकं तापवणं) किती डिग्रीला केलं, यावर नुसता अंगठा. सीओडी नाही, यूपीआय एका भलत्याच माणसाच्या नावावर.

सुरी दिसायला झकास होती, म्यानही चांगलं, खोटं कशाला बोलू. पहिल्याच कॅम्पला सरपण फोडताना मूठ हलायला लागली. घरी येऊन मूठ उघडली तर आत पात्याला वेल्ड केलेला बारीक रॉड, तोही अर्ध्या मुठीतच संपलेला. हिडन टँग स्वतः वाईट नसतो हां, फिनलंडच्या पुक्को सुऱ्या तशाच असतात, पण तिथे टँग पात्याचाच असतो, जोड नसतो.

मग धारेजवळ कानस फिरवली. नीट पाणी दिलेल्या पात्यावरून कानस सटकते, इथे ती सरळ लोखंड खात होती, म्हणजे 62 सोडा, पाणी दिलंय की नाही इथपासून शंका. शेवटी पॉलिश पेपरने एक भाग घासला, नक्षी गेली. ती खऱ्या दमास्कसचीही वरवरची जाते, म्हणून लगेच फसवलं असं म्हणू नका, मुंबईत लॅमिंग्टन रोडला पीसीबीसाठी (सर्किट बोर्ड) फेरिक क्लोराईड मिळतं त्यात पातं बुडवा (ग्लोव्हज घालून, कपड्यांवरचे डाग जात नाहीत), खरं असेल तर लाटा परत उमटतात. माझ्या पात्यावर सगळीकडे एकसारखा करडा रंग आला, बस्स. नक्षी छापलेली होती.

एक पटकन चेक म्हणजे पात्याच्या वरच्या जाड कडेचा क्लोजअप मागा, थर तिथेही दिसायला पाहिजेत. मला तो फोटो 'नंतर पाठवतो' म्हणून कधीच आला नाही. जो खरंच सुऱ्या बनवतो तो मूठ बसवण्याआधीचा टँगचा फोटोही न मागता दाखवतो, आणि हीट ट्रीटमेंटबद्दल विचारलं की त्याला थांबवावं लागतं.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार टाकलीये, अजून काही हललेलं नाही. त्या पेजने मला ब्लॉक केलं, आणि तेच फोटो आता दुसऱ्या नावाच्या पेजवर 7,200 ला चालू आहेत.