स्प्रिंग कॅश आणि रेडिस: नल मस्त सांभाळतं, पण टीटीएल आधी बघून घ्या

स्प्रिंग कॅशच्या (जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमधली, एकदा काढलेलं उत्तर साठवून ठेवायची सोय) स्पीडबद्दल सगळे बोलतात, नलचं (म्हणजे ‘काहीच सापडलं नाही’ या उत्तराचं) काय होतं ते कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते याची खरी हुशारी तिथेच आहे. समजा पिनकोडवरून डिलिव्हरी एरिया शोधायचाय आणि डेटाबेसमध्ये तो पिनकोडच नाहीये. नल साठवलाच नाही तर तोच पिनकोड परत आला की परत क्वेरी, परत रिकाम्या हाताने माघारी, गर्दीच्या वेळी फुकटचा लोड.

ग्वावा आणि कॅफिन या जावाच्या दुसऱ्या कॅश लायब्रऱ्या बघा. ग्वावाच्या लोडिंग कॅशमध्ये लोडरने (व्हॅल्यू आणून देणाऱ्या कोडने) नल दिला की थेट एक्सेप्शन, कॅफिन काही बोलत नाही पण साठवतही नाही. स्प्रिंगमध्ये गेट केलं (कॅशमधून वाचलं) की व्हॅल्यूच्या जागी रॅपर (तिच्याभोवतीचं वेष्टण) मिळतो. रॅपरच नल आला तर कॅशमध्ये एंट्रीच नाही, रॅपर आला पण आत नल असेल तर आधीच शोधून झालंय आणि तिथे काही नाही. एवढा साधा फरक इतक्या नीट केलेला बघून खरंच बरं वाटतं, आणि खाली कॅफिन असलं तरी डिफॉल्टला असंच चालतं.

आता खटकणारी गोष्ट. स्प्रिंग कॅशखाली रेडिस (डेटा मेमरीत ठेवणारा वेगळा सर्व्हर) असेल तर डिफॉल्ट टीटीएल (एंट्री किती वेळ टिकणार ती मुदत) म्हणजे कायमचा, आणि हे नललाही लागू. रेडिस सीएलआयमध्ये (कमांड लाइनवर) अशी एखादी की (key) गेट करून बघा, बाइट्सच्या कचऱ्यात नलव्हॅल्यू क्लासचं नाव दिसेल, आणि टीटीएल कमांड मारली की -१, म्हणजे मुदतच नाही. म्हणजे उद्या तो पिनकोड टेबलमध्ये आला तरी कॅश नाहीच म्हणत राहणार, जोवर सेव्हच्या मेथडवर कॅशइव्हिक्ट (कॅशमधली एंट्री काढून टाकणारं ॲनोटेशन) लावत नाही तोवर. आणि कोणी थेट एसक्यूएल चालवून रो टाकली तर इव्हिक्ट तरी कोण करणार?

काहीजण म्हणतील नल कॅशिंग बंदच करा, पण नुसतं कॉन्फिगमध्ये बंद केलं आणि कॅशेबलवर (मेथडचं उत्तर कॅश करणारं ॲनोटेशन) अनलेसची अट (नल असेल तर साठवू नको) टाकली नाही तर मेथडने नल दिल्या दिल्या एक्सेप्शन येतं, शिवाय डेटाबेसवरचा लोड परत आलाच.

स्प्रिंग डेटा रेडिस ३.२ पासून टीटीएल फंक्शन देता येतं, त्यात की आणि व्हॅल्यू दोन्ही मिळतात, नल असेल तर एक मिनिट, नाहीतर तासभर, असं सरळ लिहा. हे फार आधी यायला हवं होतं. जुन्या व्हर्जनवर असाल तर त्या कॅशचाच टीटीएल कमी ठेवा, खऱ्या व्हॅल्यूपण लवकर उडतील पण चुकीचं उत्तर देत बसण्यापेक्षा ते परवडलं.