४० लिटरची सॅक, ला पाझच्या चढावर

दुकानात पाठीवर अडकवून आरशात बघितली की सगळ्याच सॅक चांगल्या दिसतात. ही मी गेल्या पावसाळ्यात घेतली. आधी सह्याद्रीत नेली. मग पेरू, बोलिव्हिया आणि चिलीला एकटीच गेले, तेव्हा हिच्याशिवाय दुसरं सामानच नव्हतं. आता रोज लॅपटॉप घालून ऑफिसला नेते. थोडक्यात, कौतुक आणि तक्रारी दोन्ही मुरल्या आहेत. खरी पारख झाली ती बोलिव्हियातल्या ला पाझ शहराच्या धावत्या मुक्कामात, त्यामुळे पुढचा बराचसा मजकूर तिथलाच आहे.

सॅक ४० लिटरची. रिकामी असताना वजन दीड किलो. सूटकेससारखी तिन्ही बाजूंनी चेन उघडते, त्यामुळे तळातला मोजा काढायला वरचं सगळं उपसावं लागत नाही. कमरेला रुंद पट्टा, छातीला बारीक पट्टा, तळाच्या कप्प्यात पावसाचं कव्हर. पूर्ण भरल्यावरही हिचं वजन ९ किलोच्या आत राहतं.

घेताना सगळे सांगत होते, ६० लिटरची घे, पुढे उपयोगी पडेल. एकट्याने फिरणाऱ्याला यासारखा वाईट सल्ला नाही. दोघं असली की एक जण तिकीट काढायला जातो, दुसरा बॅगांपाशी बसतो. एकटीला ‘जरा बघ गं’ म्हणायला कुणी नसतं. संडासात जायचं तरी सॅक बरोबर, चहा घ्यायचा तरी सॅक बरोबर. तेव्हा हिच्यात किती मावतं यापेक्षा ही दिवसभर अंगावर राहू शकते का, हे बघा.

बोलिव्हियातल्याच कोपाकबाना गावाहून बसने ला पाझला येताना टिकिना लागतं. तितिकाका सरोवर तिथे चिंचोळं होतं आणि रस्ता पाण्यापाशी संपतो. प्रवाशांनी उतरून छोट्या मोटरबोटीने पलीकडे जायचं आणि रिकामी बस लाकडी तराफ्यावर चढून मागून डुलत डुलत यायची. डिकीत सामान असलेली मंडळी बोटीत बसल्या बसल्या माना वळवून त्या तराफ्याकडे बघत होती. माझी सॅक मांडीवर होती. ४० लिटरचे पैसे तिथेच निम्मे वसूल झाले.

ला पाझचा मध्य सुमारे ३,६०० मीटरवर आहे. आपली कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी कमीच पडतील. बस मात्र आधी एल आल्तो या लगतच्या शहरात येते, ते त्याहूनही वर, ४,००० मीटरच्या पुढे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच उरतो. मी घरून नेलेल्या चिवड्याची शिल्लक पाकिटं सॅकमध्ये फुगून टम्म झाली होती आणि त्यांनी आतूनच बाकीचं सामान कोपऱ्यात ढकललं होतं. सनस्क्रीनची ट्यूब उघडल्याबरोबर हातभर पिचकारी उडाली. इथे या सॅकला पैकीच्या पैकी गुण: ओल्या वस्तूंचा कप्पा बाहेरच्या बाजूला, वेगळ्या चेनचा आणि आतून रबरी अस्तराचा आहे. कपड्यांना थेंबही लागला नाही.

पहिल्या दिवशी तिथे काही करू नये असं सांगतात. मी कोकाच्या पानांचा चहा घेऊन लॉजवर पडून राहिले आणि संध्याकाळी सान फ्रान्सिस्को चर्चच्या चौकापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी खोली सोडायची होती आणि मिठाच्या मैदानासाठी प्रसिद्ध असलेल्या उयुनीची बस रात्रीची होती. लॉजवाले सामान ठेवून घेतात, पण ठेवतात ते दारालगतच्या उघड्या कोपऱ्यात. सॅकमध्ये लॅपटॉप होता, म्हणून पूर्ण दिवस ती पाठीवर घेऊनच हिंडले.

चर्चच्या बाजूने सागार्नागा नावाचा रस्ता चढतो. दगडी फरशा आणि चढ असा की बोलणं आपोआप बंद होतं. एक पोरगा चाकाची बॅग हातात उचलून चढत होता. त्याच्याकडे बघून मला उगाच बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. या चढावर एक गोष्ट नीट कळली. कमरेचा पट्टा घट्ट आणि छातीचा सैल ठेवायचा. ओझं कमरेच्या हाडावर बसलं पाहिजे. खांद्यांवर आलं की छाती आवळली जाते, आणि त्या उंचीवर श्वास आधीच तोकडा असतो. माझी तक्रारही इथलीच. सॅकची पाठ उंच माणसाच्या मापाची आहे. मानेखालच्या टोकदार हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत जी लांबी लागते ती माझी कमी, आणि पाठ वरखाली सरकवायची सोय हिच्यात नाही. त्यामुळे पट्टा कमरेच्या खाली घसरतो आणि दर दहा मिनिटांनी सॅक उचकून वर घ्यावी लागते. बुटक्या बायकांनी हे बघूनच घ्यावी.

वरच्या लिनारेस गल्लीत चेटकिणींचा बाजार भरतो. वाळवलेली लामाची भ्रूणं दोऱ्यांना टांगलेली असतात. नवं घर बांधताना पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, नैवेद्य म्हणून ती पायात पुरतात. गल्ली अरुंद आणि माल दारापर्यंत मांडलेला. पाठीवर भरलेली सॅक घेऊन तिथे वळणं म्हणजे कसरत, म्हणून मी ती पोटाशी घेतली. शेजारून तिथल्या मूळच्या आयमारा समाजातल्या बाया रंगीत पट्ट्यापट्ट्यांच्या आग्वायोत पोर, बटाटे, भाजी सगळं पाठीला बांधून झपाझप चढत होत्या. एका चौकोनी कापडाची गाठ छातीवर. ना चेन, ना बक्कल, ना वॉरंटी कार्ड.

मुरिल्यो चौकात संसदेचं उलटं फिरणारं घड्याळ पाहिलं. २०१४ पासून त्याचे काटे डावीकडे फिरतात. मग पायरीवर बसून साल्तेन्या खाल्ली. ही करंजीच्या घराण्यातली, पण आत गरम पातळ रस्सा. उभी धरून वरचं टोक चावायचं, रस्सा ओढून घ्यायचा आणि मग बाकीची खायची. माझा थोडा सांडला. छातीच्या पट्ट्यावरचा तो केशरी डाग आजतागायत गेलेला नाही.

शहर बघायचं तर केबल कारमधून. २०१४ मध्ये सुरू झाली आणि आता १० रंगांच्या १० लाईन आहेत. मी गेले तेव्हा तिकीट ३ बोलिव्हियानो होतं. पर्यटकांची मजा म्हणून ती बांधलेली नाही; लोक तिने कामावर जातात, बाजार करून येतात. तांबड्या लाईनने जुन्या रेल्वे स्टेशनपासून कबरस्तानावरून एल आल्तोला चढायचं, कड्याच्या काठाने रुपेरी लाईन पकडायची आणि पिवळीने खाली उतरायचं. ढग हटले तर ६,४३८ मीटरचा इयिमानी पर्वत दिसतो. मला अर्धाच दिसला. डबा स्टेशनात थांबत नाही, नुसता सावकाश सरकत राहतो आणि आपण चालत्यात चढायचं. १० जण समोरासमोर बसतात. पाठीवर सॅक ठेवून चढलात तर बसता येत नाही आणि शेजारच्याच्या नाकाला बक्कल लागतं. रांगेतच एक खांदा सोडून सॅक पुढे घ्यायची, हे दुसऱ्या स्टेशनपर्यंत अंगवळणी पडलं. हिच्या वरच्या आणि बाजूच्या दोन्ही मुठी जाड आहेत, हाताला रुतत नाहीत, त्याचं श्रेय कंपनीला देते.

जानेवारीचा शेवट होता. त्या दिवसांत तिथे आलासितास नावाची जत्रा भरते. ज्याला जे हवं त्याची चिमुकली प्रतिकृती विकत घ्यायची: बोटभर घर, गाडी, नोटांची गड्डी. ज्यांना प्रवास हवा ते आगपेटीएवढी सूटकेस आणि पासपोर्ट घेतात. २४ जानेवारीच्या दुपारी १२ वाजता या वस्तूंना आशीर्वाद घेतात आणि जत्रा पुढेही बरेच दिवस चालते. मीही एक सूटकेस घेतली. तिलाही चाकं नव्हती.

दुपारी गारांसकट पाऊस आला आणि उताराचे रस्ते ओढ्यासारखे वाहू लागले. कव्हर पटकन निघालं, पण ते मागून नीट बसतं आणि पाठीच्या बाजूने उघडं राहतं. मानेवरून ओघळलेलं पाणी सरळ आत. लॅपटॉपचा कप्पा नेमका पाठीला लागून! प्लास्टिकच्या पिशवीत होता म्हणून वाचला.

नंतरच्या महिन्यांचं थोडक्यात सांगते. उयुनी आणि चिलीतल्या आताकामा वाळवंटाच्या बारीक धुळीने चेन करकरायला लागली. मेणबत्ती घासून काही काळ चालली, मग रनर दात सोडायला लागला. वरच्या झाकणाचा मोरपंखी रंग तिथल्या उन्हाने विटून राखाडी झाला, खालचा मात्र नवा कोरा आहे. शिवण एकही उसवलेली नाही. कमरेच्या पट्ट्यावरच्या खिशात मोबाइल मावत नाही, हा तर निव्वळ आळशीपणा.

पाठीमागचा लपलेला कप्पा फार आवडला. त्यात पासपोर्ट आणि पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड ठेवत असे. बोलिव्हियाहून भारतात परतताना ते कार्ड दाखवावंच लागतं, नाहीतर विलगीकरणात रवानगी. आणि निघण्याआधी सगळे कप्पे उलटे करून झटका. ला पाझमध्ये कोकाच्या चहाची पुडी कुणीही सहज हातात ठेवतं, पण आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात कोकाचं पान येतं. इतक्या कप्प्यांच्या सॅकमध्ये एखादी पुडी राहून जाणं अगदी सोपं आहे.

कंपनीला रनरबद्दल लिहिलं तर उत्तर आलं की सॅक तुमच्या खर्चाने पाठवा, सहा आठवडे लागतील. पुण्यात बोहरी आळीजवळच्या कारागिराने उभ्या उभ्या पितळी रनर बसवून दिला. घ्यायचीच असेल तर दुकानात रिकामी सॅक पाठीवर टाकून बघू नका. घरून आठ किलोचं काहीबाही पिशवीत घेऊन जा, सॅकमध्ये भरायला लावा आणि मग एक जिना चढा.