सल्ले सगळे खरे होते, माऊस तेवढा खोटा

वायरलेस गेमिंग माऊस घेताना मी फसले हे कळायला मला अकरा दिवस लागले. परत करायची मुदत दहा दिवसांची होती. हा एक दिवसाचा फरक योगायोगाने पडला नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

जुना वायरवाला माऊस चांगला होता. फक्त त्याची वायर मॉनिटरच्या स्टँडला अडकायची आणि ऐन नेम धरताना ओढ बसायची. नव्याच्या जाहिरातीत काय नव्हतं! १००० हर्ट्झ (म्हणजे कॉम्प्युटरला सेकंदाला हजार नोंदी), १ मिलिसेकंद, हालचाल टिपणारा पिक्सआर्ट कंपनीचा पीएडब्ल्यू ३३९५ सेन्सर, २६,००० डीपीआय (माऊस इंचभर सरकला की कर्सर किती पिक्सेल सरकतो तो आकडा). ३३९५ हा नावाजलेला सेन्सर, भल्या भल्या माऊसमध्ये असतो, आणि त्या मानाने हा फारच स्वस्त होता. मनात पाल चुकचुकली, पण साडेचार तारे बघून मी तिला गप्प केलं. ते अभिप्राय नंतर नीट वाचले. बहुतेक सगळे माल हातात पडला त्याच दिवशी लिहिलेले: रंग छान, दिवे छान, खोका छान.

पहिल्याच दिवशी काहीतरी खटकलं, पण काय ते सांगता येईना. कर्सर हाताबरोबर येत नव्हता, दाव्याने ओढलेल्या वासरासारखा मागून यायचा. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, नवीन आहे, हात बसायला वेळ लागतो गं." मग दोन दिवस मी हात बसवत राहिले. या फसवणुकीतली गोम इथेच आहे. मिक्सर चालला नाही तर आपण मिक्सरला नावं ठेवतो. नेम चुकला की आधी स्वतःला, मग इंटरनेटला, मग टीममधल्या पोरांना. माऊसची पाळी सगळ्यात शेवटी येते.

तिसऱ्या दिवशी विक्रेत्याला लिहिलं. तासाभरात उत्तर, तेही अतिशय अदबीने. "मॅडम, डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये असेल तर काढून बघा." डोंगल म्हणजे माऊसचे संदेश पकडणारा, कॉम्प्युटरला लावायचा छोटा तुकडा. मी शोधाशोध केली, तर सल्ला अगदी बरोबर निघाला. यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि वायरींमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो, आणि माऊसचा डोंगल त्याच पट्ट्यात बोलतो. एक्स्टेंशन वायर लावून डोंगल माऊसपासून वीतभर अंतरावर आणला. कर्सर मध्येच गोठायचा ते थांबलं. मागे राहणं मात्र तसंच. "दोन दिवस वापरून सांगा," असा निरोप आला.

मग वाय-फायचा राउटर टेबलावरून हलवायला सांगितलं. मग विंडोजमधलं पॉइंटर प्रिसिजन, म्हणजे हाताच्या वेगाप्रमाणे कर्सरचा वेग बदलणारी सोय, बंद करायला. मग बॅटरी पूर्ण चार्ज करून बघायला. यातला एकही सल्ला खोटा नव्हता, कुठलाही जाणकार हेच सांगेल. आणि प्रत्येकामागे तेच शेपूट: "दोन दिवस वापरून सांगा." मला वाटलं, किती आस्थेने विचारतोय बिचारा. तो दिवस मोजत होता.

अकराव्या दिवशी भावानेच विचारलं, "केबल लावून बघितलंस का?" चार्जिंग मी रात्री करायचे, त्यामुळे हा माऊस केबलवर कसा चालतो हे कधी पाहिलंच नव्हतं. दर सेकंदाला माऊसकडून किती नोंदी येतात ते मोजणारा छोटा प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि माऊस गरगर फिरवला. केबलवर आकडा ९९० ते १००० मध्ये. केबल काढली, डोंगलवर गेले, तर १२५. पुन्हा केबल, पुन्हा १०००. खोक्याच्या तळाशी, बारकोडच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं: "वायर मोडमध्ये".

म्हणजे वायरलेस म्हणून विकलेल्या माऊसचा १ मिलिसेकंद हा वायरीचा होता. आणि तोही दोन नोंदींमधल्या अंतराचा, बोट दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतच्या वेळेचा नव्हे. १२५ हर्ट्झला हे अंतर ८ मिलिसेकंद होतं. माझा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, त्याला दर ६.९ मिलिसेकंदाला नवं चित्र लागतं. म्हणजे अधूनमधून एखाद्या चित्रासाठी माऊसकडे सांगायला नवीन काहीच नसतं आणि कर्सर अडखळतो. साध्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर हे कदाचित माझ्या लक्षातही आलं नसतं.

पण एवढ्याने हिशोब लागेना. १२५ हर्ट्झमुळे सरासरी ८ च्या निम्मा, म्हणजे ४ मिलिसेकंदांचाच उशीर व्हायला हवा, मला जाणवत होता तो त्याहून बराच जास्त. म्हणून फोनचा स्लो मोशन लावला, सेकंदाला २४० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण ४.२ मिलिसेकंदांची. क्लिक केलं की काळ्याचं पांढरं होणारं एक पान उघडलं आणि बटण व पडदा एकाच चौकटीत धरले. जुन्या माऊसला बटण खाली गेल्यापासून पडदा उजळेपर्यंत सरासरी ८ फ्रेम, नव्याला १४. दोघांचे वीस-वीस क्लिक मोजले, डोळ्यांत पाणी आलं. कॉम्प्युटर तोच, पडदा तोच, त्यामुळे मधले २५ मिलिसेकंद सगळे या महाशयांचे.

आता वायरलेस म्हटलं की एवढं चालायचंच, असं कुणी म्हणेल. विक्रेताही शेवटी तेच म्हणाला. ते खरं नाही. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे चांगले माऊस वायरवाल्यांच्या बरोबरीने धावतात. ब्लूटूथवर मात्र उशीर होतो, तिथे नोंदीही बहुधा १२५-१३३ च्या घरातच असतात. वायरलेस म्हणजे उशीर हा जुना समज अजून जिवंत आहे आणि असल्या विक्रेत्यांचं पोट त्यावरच चालतं.

संतापाच्या भरात मी एक मूर्खपणा केला. माऊस ज्यांवर घसरतो त्या तळाच्या चकत्या सोलल्या, खालचे चार स्क्रू काढले आणि सेन्सर बघितला. वर ३३९५ नव्हतं, भलताच क्रमांक होता. ऑफिसच्या साध्या माऊसमध्ये असतो तसला. सगळ्यात वरच्या डीपीआयवर कर्सर तीन-चार पिक्सेल उड्या का मारायचा तेही कळलं: आकडा नुसता गुणाकार करून फुगवलेला होता. पुरावा हातात आला आणि तक्रार हातातून गेली. "आपण वस्तू उघडली आहे, आता काही करता येणार नाही." तीच अदब. संकेतस्थळानेही मुदतीकडे आणि सोललेल्या चकत्यांकडे बोट दाखवलं.

असा माऊस मागवला असेल तर केबल न लावता त्याच संध्याकाळी नोंदी मोजा, पडद्याचा आणि हाताचा एकत्र व्हिडिओ काढून ठेवा आणि पहिला सल्ला यायच्या आधी परत करण्याची विनंती नोंदवा. सल्ले नंतर पाळता येतात. स्क्रू ड्रायव्हर मात्र ड्रॉवरमध्येच राहू द्या.

परवा ती जाहिरात पुन्हा दिसली. माऊस तोच, फोटो तोच, डाव्या बटणावरची दिव्याची चकाकीही तीच. आकडा आता ८००० हर्ट्झ झालाय. मी खाली विचारलंय, "वायरलेसमध्ये किती?" तासाभरात उत्तर देणारा माणूस चार दिवस गप्प आहे.