घरच्या लुगड्यांची गोधडी: हिवाळ्यापासून कानबाईपर्यंतचा अनुभव

आई गेल्यावर कपाटातली जुनी लुगडी-धोतरं बाहेर काढली आणि अमळनेरजवळच्या एका मावशींकडून गोधडी शिवून घेतली. थंडी, उन्हाळा आणि कानबाई, म्हणजे आमचा खानदेशातला देवीचा सण, पार पडली, आता लिहायला हरकत नाही.

उबेबद्दल तक्रारच नाही. धुऊन धुऊन खळ निघून गेलेलं सुती कापड अंगाला मऊ लागतं आणि थरांत कोंडलेली हवा ऊब धरून ठेवते. पौषात मळ्यात निजायला ही एकटी पुरली. मे महिन्यात गच्चीवर अंथरली तर घाम टिपून घेते. दुकानातल्या गुबगुबीत ब्लँकेटला त्या दिवसांत आपल्याकडे कोण हात लावतो?

शिवण बघण्यासारखी. मावशी कडेनं धावदोरा घालतात, कोपऱ्यावर वळतात आणि फेऱ्या घेत घेत मध्यावर येऊन थांबतात. इतक्या महिन्यांत आतला एकही थर सरकला नाही. आत आजीच्या वडिलांचं शेवटचं खादीचं धोतर आहे. आजीचं माहेर फैजपूर. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन तिथे भरलं, तेव्हापासून त्यांनी दुसरं कापड अंगाला लावलं नाही म्हणतात.

खटकतं ते एकच. आईच्या साड्या मावशींनी बाजूला काढल्या. सगळ्या नायलॉन, पॉलिस्टर. निसटतात, घाम टिपत नाहीत. हट्टानं एका साडीची पट्टी कडेला लावून घेतली, तर तेवढीच कड उसवतेय. म्हणजे आजी आहे, पणजोबा आहेत, आईचं लग्नाआधीचं एक सुती पातळही आहे. पण मी पाहिलेली आई या गोधडीत जवळजवळ नाहीच.

धुणं म्हणजे शिक्षा. भिजली की पिळायला दोन माणसं लागतात, मशीनचं तर नावच नको. पहिल्या पाण्याला लाल काठाचा रंग गेला. पावसाळ्यात धुवायच्या भानगडीत पडू नका, आठवडाभर वास जात नाही.

श्रावणात कानबाईला सगळे भाऊबंद जमले, रात्री निजायला सगळं अंथरूण निघालं. वडिलांची बहीण, आमची फुई, जांभळा तुकडा चिमटीत धरून विचारते, “हाई लुगडं कोनं शे?” आजीचं, मी म्हटलं. तिनं काठ उलटा करून पाहिला. “अवं, हाई ते मन्हं लुगडं!” आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली असताना झोक्यावर काठ फाटला, म्हणून टाकून गेली होती. आजीनं ते रफू करून वर्षानुवर्षं नेसलं. रफूची जागा तिनं अंधारात बोटानं शोधून दाखवली. मग बाकीच्या दोघी सरसावल्या आणि निम्म्या तुकड्यांची मालकी बदलली. शिवायला टाकण्याआधी कपडे घरातल्या म्हाताऱ्यांपुढे एकदा पसरा, एवढं नक्की सांगेन.

फुई निघताना गोधडीच मागत होती. दिली नाही. घरची सुती लुगडी घेऊन ये म्हटलं, मावशी दिवाळीनंतर मोकळ्या आहेत.